समुद्रातला वारा, मराठवाड्यातला दिवा

२०१३ साली दुष्काळात पाण्याअभावी परळीचे औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावे लागले. २०१६ साली तर लातूरला पिण्याचे पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले. कोळशाच्या वीज केंद्राला वाफेसाठी आणि यंत्रे थंड ठेवण्यासाठी भरपूर पाणी लागते. पवनचक्कीला ते लागत नाही. मग नांदेड-लातूरच्या मुलांनी दूरच्या समुद्रावरील वाऱ्याचा विचार का करू नये?

वाऱ्याचे एक गणित आहे. वेग दुप्पट झाला की दर सेकंदाला पात्यांवर दुप्पट हवा येते, आणि त्या हवेच्या प्रत्येक किलोग्रॅममधील ऊर्जा चौपट होते. म्हणून शक्ती दोन गुणिले चार, म्हणजे आठपट! जमिनीवर झाडे, घरे व टेकड्या वारा अडवतात. समुद्रावर अडथळा नसल्याने तो जोरकस आणि एकसारखा वाहतो.

महाराष्ट्रात १९८६ साली रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. डेन्मार्कने १९९१ साली व्हिंडेबी येथे थेट समुद्रात ११ चक्क्या उभारल्या. भारतात मात्र असे समुद्रातले केंद्र अजून व्हायचे आहे. त्याची आखणी कशी करतात?

आधी वारा मोजतात. त्यासाठी २०१७ साली खंबायतच्या आखातात एक लेसर यंत्र बसवण्यात आले. हवेतील सूक्ष्म कणांवरून परतणाऱ्या किरणांवरून ते वाऱ्याचा वेग सांगते. मोजणी सर्व ऋतूंत करावी लागते. एकट्या पावसाळ्यावर भरवसा ठेवला तर हिशेब फसेल. मग पाण्याची खोली आणि तळाची माती तपासतात, कारण तळात ठोकलेल्या पोलादी नळखांबावर चक्की उभी राहते. एका चक्कीमागे वारा मंदावतो, म्हणून दोघींत पात्यांच्या घेराच्या व्यासाच्या निदान पाच-सातपट अंतर ठेवतात. मच्छीमारांच्या जागा, जहाजांचे आणि पक्ष्यांचे मार्गही सांभाळावे लागतात. खाऱ्या हवेत लोखंड गंजते आणि दुरुस्तीला बोटीने जावे लागते. त्यामुळे खर्च वाढतो.

तयार झालेली वीज समुद्रतळावरील केबलमधून किनाऱ्यावर येते. पुढे? ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित देशाशी जोडले गेले. तेव्हापासून देशभर एकच जाळे आहे. वारा पडला तर दुसऱ्या केंद्रांची मदत लागेलच. पण वारा असेल तेव्हा तेवढा कोळसा आणि तेवढे पाणी वाचेल.

आता सांगा: वाऱ्याचा वेग तिप्पट झाला, तर शक्ती किती पट होईल?