देवस्थलची रात्रपाळी

दुपारी १२ : डिसेंबरात आमची सकाळ होते ती या वेळेला. नैनितालजवळचा २,४५० मीटर उंचीचा हा डोंगर, वर ३.६ मीटरच्या आरशाची दुर्बीण. तिला लावलेला टिर्कॅम-२ हा अवरक्त कॅमेरा मुंबईत कुलाब्याला असलेल्या टीआयएफआरने (टाटा मूलभूत संशोधन संस्थेने) बनवलेला. म्हणून कुलाब्याची माणसं इथे कानटोप्या घालून वावरतात.

दुपारी २ : ऊन आहे तोवर स्वतःची हौस. माझ्या जुन्या कॅमेऱ्यातली अवरक्त अडवणारी काच काढून टाकली आहे. भिंगावर ७२० नॅनोमीटरचा फिल्टर. डोळ्याला तो जवळजवळ काळाच दिसतो, पण फोटोत बांजाची झाडं हिमात न्हाल्यासारखी पांढरी. हरितद्रव्य हा प्रकाश शोषत नाही, पानाच्या आतल्या पेशी तो परतवून लावतात. ८५०चा फिल्टर लावला की उरलासुरला रंगही जातो. ११००च्या आसपास सिलिकॉनचा सेन्सर आंधळा होतो. पुष्कळजण याला 'उष्णतेचा फोटो' म्हणतात. तसं काही नाही. वाफाळत्या चहाचा कप यात थंड कपासारखाच येतो. अंगाची ऊब टिपणारे कॅमेरे ८ ते १४ मायक्रॉनवर, म्हणजे दहापट लांब तरंगांवर चालतात.

दुपारी ४ : घुमटात. फोटोग्राफरचं अवरक्त जिथे संपतं, जवळपास तिथूनच आमचं सुरू : १ ते ३.७ मायक्रॉन. टिर्कॅमची चकती इंडियम अँटिमोनाइडची, ५१२ गुणिले ५१२ ठिपक्यांची. फोनवाले हसतील. पण ती ३५ केल्विनवर, म्हणजे उणे २३८ अंशांवर ठेवावी लागते. तापमानाचा आकडा बघितल्याशिवाय पुढचं काही करायचं नाही.

संध्याकाळी ६ : आकाश अजून निळसर असलं तरी २.२ मायक्रॉनला ते बरंच काळं झालेलं असतं. दृश्य प्रकाशवाल्यांच्या आधी आमचं फोकस उरकतं.

रात्री ९ : जे, एच, के : १.२५, १.६५, २.२ मायक्रॉन. या तीन खिडक्यांच्या मधला प्रकाश हवेतली वाफ गिळते. खिडक्याही स्वच्छ नाहीत. एचमध्ये वरच्या हवेतले हायड्रॉक्सिलचे रेणू चमकतात, केमध्ये आरसा आणि घुमट स्वतःच उजळतात. म्हणून दुर्बीण दर वेळी किंचित सरकवून फोटो घ्यायचे आणि मागचं आकाश वजा करायचं. कंटाळवाणं काम, पण याला पर्याय नाही.

मध्यरात्र : मृगातला तेजोमेघ आकाशात उंचावर. त्यामागच्या धुळीत १९६७ साली बेकलिन आणि न्यूगेबाउअर यांना सापडलेला कोवळा तारा आहे. दृश्य फोटोत त्याचा पत्ता नसतो. केच्या पहिल्याच फ्रेममध्ये तो इतका भगभगीत येतो की एक्स्पोजर कमी करावं लागतं. मग ३.३ मायक्रॉनचा फिल्टर, धुळीतल्या कार्बनी रेणूंसाठी. इथे आकाशाचीच उष्णता इतकी की एकेक फ्रेम सेकंदाच्या अंशात संपवायची.

पहाटे ४ : आर्द्रता चढली, घुमट बंद. चहा, आणि आकडा उतरण्याची वाट.

पहाटे ५ : उतरला. तेज ठाऊक असलेला एक तारा तिन्ही फिल्टरांत घेतला; तो नसेल तर रात्रभराच्या मोजणीला आधार नाही. आता डेटाच्या प्रती, नोंदवही, आणि खालच्या मेसमध्ये पराठे.