भट्टी नाही, यीस्ट नाही, तरीही पाव

विहारातल्या महिला मंडळाच्या बैठकीत रक्तदाब तपासत होते. एका मावशींचा आकडा याही महिन्यात खाली आला नव्हता. गोळी वेळेवर घेतात, लोणचं सोडलंय, पापड सोडलाय. पट्टा काढत होते तेवढ्यात त्यांनी विचारलं, "सिस्टर, नातीने मोबाईलवर तो परदेशी पाव दाखवला. यीस्ट नाही, साखर नाही, मैदा नाही, नुसती कणीक आणि ताक. पौष्टिक असतो म्हणे. मग मला चालेल ना?"

"चालेल" असं पटकन म्हणून टाकणं सोपं होतं. पण कृती म्हणून दाखवलेला तो व्हिडिओ मी पाहिला आणि म्हटलं, मावशी, पुढच्या बैठकीला सांगते. त्याचं उत्तर हा लेख.

हा पाव आयर्लंडचा. तिथे त्याला सोडा ब्रेड म्हणतात. माझ्याबरोबर नर्सिंगचा डिप्लोमा केलेली एक मैत्रीण तिकडे वृद्धांच्या शुश्रूषागृहात काम करते. आपल्याकडच्या बऱ्याच नर्सेस, विशेषतः केरळच्या, आज आयर्लंडच्या दवाखान्यांत आहेत. ती सांगते, तिथल्या आजी-आजोबांना न्याहारीला हाच पाव आणि त्यावर लोणी लागतं, आणि प्रत्येकाच्या मते खरा पाव फक्त त्याच्या आईलाच येत होता. मूळ कृतीत चारच जिन्नस: गव्हाचं पीठ, आंबट ताक, खाण्याचा सोडा आणि मीठ. अंडं, साखर, लोणी, मनुका हे सणावाराचं. मनुका घातलेल्या पावाला तिथे 'स्पॉटेड डॉग', म्हणजे ठिपक्यांचा कुत्रा म्हणतात. गरिबाच्या घरात मनुकेही मोजूनच पडत असणार.

हा पाव फार जुना असेल असं मला वाटत होतं. तसा तो नाही. खाण्याचा सोडा कारखान्यात स्वस्त बनू लागला तो एकोणिसाव्या शतकात, आणि या पावाची छापील कृती 1836 सालातली सापडते. म्हणजे वय दोनशे वर्षांच्या आत. त्याच्या आधी अमेरिकेत लाकडाच्या राखेतून काढलेला क्षार पिठात घालून पाव फुगवत. 1796 साली तिथे छापलेल्या अमेलिया सिमन्सच्या पाककृतींच्या पुस्तकात तो क्षार आहे. राखेचं पाणी वापरण्याची अक्कल तिथल्या मूळ रहिवाशांकडे त्याच्याही आधीपासून होती, पण पुस्तक त्यांच्या नावावर निघालं नाही.

मग आयर्लंडच्याच घराघरांत हा पाव का रुजला? एक कारण हवा. तिथे पाऊस रिपरिप बाराही महिने आणि ऊन कोवळं. अशा हवेत येणारा गहू मऊ असतो, त्याच्या पिठाला चिकटपणा कमी. यीस्टच्या पावाला ताणणारं, चिवट पीठ लागतं, नाहीतर तो फुगून खाली बसतो. सोड्याच्या पावाला उलट मऊ पीठच मानवतं. दुसरं कारण चूल. शेतमजुराच्या झोपडीत भट्टी कुठली? दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या विटा जाळायच्या, आपल्या गोवऱ्यांसारख्या, आणि त्या विस्तवावर लोखंडी भांडं टांगायचं. सपाट बुडाचं, तीन छोटे पाय, घट्ट झाकण. पीठ आत ठेवून झाकणावर निखारे रचायचे की खालून-वरून दोन्हीकडून आच. या भांड्याचं नाव बास्टिबल. नावात वस्ती ऐकू आली तरी आपल्या वस्तीशी त्याचं काही नातं नाही. पण पातेल्यावर ताटली, ताटलीवर निखारे हा प्रकार आपल्या आज्यांनाही ठाऊक होता.

या पावाच्या मागेपुढे आयर्लंडचा मोठा दुष्काळ आहे आणि तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. देश इंग्रजांच्या ताब्यात, जमीन जमीनदाराची. गरीब कुळाने गहू-ओट पिकवायचे ते खंड भरण्यासाठी, आणि स्वतःच्या पोटाला बटाटा. कष्टकरी पुरुष दिवसाला पाच किलोच्या आसपास बटाटे खाई, सोबत ताक. ऐकायला हलाखीचं वाटतं, आणि होतंच. पण आहार म्हणून बटाटा आणि ताक ही जोडी वाईट नव्हती: बटाट्यातून क जीवनसत्त्व, ताकातून प्रथिनं आणि कॅल्शियम. 1845 साली बटाट्यावर करपा पडला. पुढची पाच-सात वर्षं पीक सडत राहिलं. साधारण दहा लाख माणसं मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली, आणि त्याच वर्षांत बंदरांतून धान्य आणि जनावरं इंग्लंडला रवाना होत राहिली. सरकारने मक्याचं पीठ आणलं. ते जाडंभरडं, शिजवायचं कसं हे कुणाला माहीत नाही, त्याने पोटं बिघडली. बटाटा गेल्यावर हिरड्यांतून रक्त येण्याचा आजार पसरला. आपल्याकडे 1876 ते 78 च्या दख्खनच्या दुष्काळातही धान्य बाहेर जातच होतं.

दुष्काळ सरला, पण बटाट्यावरचा विश्वास उडाला. हळूहळू दुकानातून पीठ विकत आणणं वाढलं, आणि शतक संपेपर्यंत गरिबाच्या घरात चहा, साखर आणि पांढरा पाव शिरला. पोट भरे, पण ताक-बटाट्यातलं सत्त्व त्यात नव्हतं. आपल्या वस्तीतल्या सकाळच्या चहा-पावाची आठवण झाली ना? मलाही झाली.

आता पाव फुगतो कसा ते. ताक आंबट असतं कारण त्यात लॅक्टिक आम्ल असतं. खाण्याच्या सोड्याला आम्ल भेटलं की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो, पिठात बुडबुडे अडकतात, आच लागली की पीठ तिथेच घट्ट होतं आणि जाळी पडते. यीस्ट हे काम दोन तासांत करतं, सोडा लगेच करतो. लगेच करतो म्हणून लगेच संपतोही. पीठ भिजवून बाजूला ठेवलं आणि नळाला पाणी आलं म्हणून हंडे भरायला गेलात, तर परत येईपर्यंत वायू उडालेला असतो. तवा आधी तापत ठेवायचा, पीठ मग भिजवायचं.

पावाच्या डोक्यावर सुरीने फुली मारतात. कुणी म्हणतं त्यातून पऱ्या बाहेर जातात, कुणी म्हणतं सैतान लांब राहतो. खरं कारण साधं आहे: गोळा जाड असतो, चीर दिली की आच मध्यापर्यंत पोचते, आणि नंतर चार तुकडे नीट मोडतात. ती चीर नसेल तर पाव वरून लाल आणि आतून कच्चा राहतो, मग घरात पऱ्या असोत वा नसोत.

आपल्या कामाचा प्रकार मात्र उत्तरेकडचा, अल्स्टर भागातला. तिथे गोळा जाडसर थापून चार भाग करतात आणि तव्यावर भाजतात. एकेका तुकड्याला 'फार्ल' म्हणतात, म्हणजे चौथा हिस्सा. कुकरची शिट्टी-रिंग काढून, तळाशी मीठ पसरून मोठा पाव करता येतो, पण त्याला पाऊण तास गॅस जळतो. सिलिंडरचा भाव पाहता मी तो मार्ग कुणाला सांगणार नाही. तव्यावर वीस मिनिटांत काम होतं.

पाव किलो पीठ घ्या. वाट्या लहानमोठ्या असतात, म्हणून पहिल्यांदा वजनाने घ्या. नुसती कणीक घेतली तर पाव दडदडीत होतो. हात बसेपर्यंत पाऊण भाग कणीक, पाव भाग मैदा घ्यायला हरकत नाही. त्यात चहाच्या छोट्या चमच्याने अर्धा सपाट चमचा खाण्याचा सोडा, चाळून. गुठळी राहिली तर तिथे पिवळा डाग पडतो आणि घास कडू लागतो. मीठ पाव चमचा. व्हिडिओत मीठ याच्या दुप्पट असतं, त्याचं पुढे सांगते. ताक घट्ट आणि चांगलं आंबट हवं, पाणी वाढवलेलं पिण्याचं ताक नको. पाऊण पेला ताक एकदम ओता आणि लागेल तसं वाढवा. आपली चक्कीची कणीक तिथल्या पिठापेक्षा जास्त ओलावा ओढते. ताक नसेल तर कोमट दुधात लिंबू पिळून दहा मिनिटं ठेवा.

आणि आता सर्वांत अवघड भाग: मळू नका. चपातीची कणीक तिंबून तिंबून आपल्या हाताला जी सवय लागली आहे ती इथे घात करते. बोटांनी जेमतेम गोळा करायचा, खडबडीत राहू दे. पिठावर ठेवून बोटाच्या पेराएवढा जाड थापा, चार भाग करा. तव्यावर चिमूटभर पीठ टाकून बघा. ते हळूहळू बदामी झालं तर आच बरोबर, लगेच काळं पडलं तर कमी करा. तेल नको. एका बाजूने आठ-दहा मिनिटं, दुसऱ्या बाजूने तेवढीच, मग कडा तव्याला टेकवून उभे भाजा. बोटाने टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की झाला. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, वरचा पापुद्रा मऊ राहतो.

एक गोष्ट हात जोडून सांगते. खाण्याचा सोडा आणि धुण्याचा सोडा दोन्ही पांढरे, दोन्ही सुटे मिळतात, पुडीवर नाव नसतं. धुण्याच्या सोड्याने तोंड, घसा, अन्ननलिका भाजते. वॉर्डात असं लेकरू मी पाहिलंय. आई रडत सांगत होती, साखरेच्या डब्याशेजारीच डबा होता. खाण्याचा सोडा बंद पाकिटातला घ्या, धुण्याचा सोडा स्वयंपाकाच्या फळीवर ठेवूच नका. चुकून पोटात गेलाच तर उलटी करवू नका. वर येताना तो पुन्हा भाजतो. थेट दवाखाना गाठा, पुडी सोबत न्या.

आता मावशींचा प्रश्न. रक्तदाबाला त्रास देतं ते सोडियम, आणि ते फक्त मिठात नसतं. सोड्याचं रासायनिक नावच सोडियम बायकार्बोनेट. अर्धा चमचा सोड्यात सहाशे मिलिग्रॅमच्या वर सोडियम असतं. व्हिडिओतल्या कृतीप्रमाणे अर्धा चमचा मीठही घातलं, तर चारातल्या एका तुकड्यात एक ग्रॅमहून जास्त मिठाएवढं सोडियम येतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगते. दोन तुकड्यांत जवळपास निम्मा कोटा संपला, भाजी-आमटी अजून बाकीच आहे. मीठ पाव चमच्यावर आणलं तर तुकड्याला पाऊण ग्रॅमच्या आसपास पडतं. ज्वारी-बाजरीच्या भाकरीत आपण मीठ घालतच नाही. म्हणून हा पाव भाकरीच्या जागी आणू नका. तो बेकरीच्या टोस्ट-खारीच्या जागी आणा, तिथे तो नक्कीच बरा: तूप-डालडा नाही, साखर नाही, कोंडा पोटात जातो.

मावशींना मी पुढे विचारलं, घरी सोडा कशाला वापरता? तेव्हा कळलं. पोटात गॅस होतो म्हणून रोज रात्री त्या पाण्यात चमचाभर सोडा घालून पितात, कित्येक वर्षं. लोणचं सोडलं, पापड सोडला, आणि चमचाभर सोड्यातून बाराशे मिलिग्रॅमच्या वर सोडियम रोज रात्री पोटात चाललं होतं. औषध म्हणून घेतलेल्या गोष्टीला कुणी मिठात धरत नाही, डॉक्टरांना सांगत नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हीही विचारत नाही. महिनोन्महिने मी त्यांना "मीठ कमी करा" एवढंच सांगत आले होते.

ज्यांना मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार आहे, अंगावर सूज आहे, गरोदरपणात रक्तदाब वाढलाय, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच. साखरेच्या आजारात एक तुकडा, आणि त्या वेळची चपाती वगळून. कणकेचा असला तरी तो गहूच आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला नको. आणि फुगावा म्हणून सोडा वाढवू नका. ताकाला पुरेल त्याहून जास्त झालेला सोडा साबणासारखा लागतो आणि पिठातलं ब-एक जीवनसत्त्व मारतो. डाळ लवकर शिजावी म्हणून सोडा टाकणाऱ्यांनीही हे ऐकावं.

मावशींनी रात्रीचा सोडा बंद केला, पोटाच्या तक्रारीसाठी दवाखान्यात दाखवलं. पुढच्या बैठकीला त्या डब्यात पाव घेऊन आल्या. पहिला चिवट झाला होता, कारण त्यांनी सवयीने कणीक तिंबली होती. हा दुसरा. आम्ही आठजणींनी चार तुकडे वाटून खाल्ले, लसणाच्या चटणीशी. एक म्हणाली, मीठ कमी आहे. मावशी म्हणाल्या, मुद्दाम.