बोर्ड रंगवण्याआधी नाव तपासा!

ठाण्याच्या राम मारुती रोडवर किंवा डोंबिवलीच्या फडके रोडवर दुकान टाकताय? गुमास्ता परवाना मिळाला म्हणजे नाव आपलं झालं, हा समज फार पसरलेला आहे आणि तो साफ चुकीचा आहे. ट्रेडमार्क ही वेगळी नोंदणी आहे.

आयपी इंडियाच्या सरकारी संकेतस्थळावर ‘पब्लिक सर्च’ फुकट आहे. मालाचे-सेवांचे एकूण 45 वर्ग आहेत. मसाले, पिठं, फरसाण 30 मध्ये, लोणची 29 मध्ये, उपाहारगृह 43 मध्ये. म्हणून पोळी-भाजी केंद्रवाल्यांनी एकच वर्ग पाहून थांबू नये.

शब्द जसाच्या तसा सापडला नाही म्हणून लगेच खूश होऊ नका. ‘फोनेटिक’ शोध कराच! मुंबई हायकोर्टातून सुप्रीम कोर्टात गेलेला एक खटला यासाठी लक्षात ठेवा. शांग्रिला कंपनीला बिस्किटांसाठी ‘ग्लुविटा’ हवं होतं. ‘ग्लुकोविटा’वाल्यांनी हरकत घेतली. 1959 मध्ये निकाल ग्लुकोविटाच्या बाजूने लागला, कारण दोन्ही नावं कानाला सारखीच लागतात. आपल्याकडे तर एकाच मराठी शब्दाची इंग्रजी स्पेलिंग चार तऱ्हेने होतात. ती सगळी टाकून पाहा.

नोंदणी नसली तरी आधीपासून नाव वापरणाऱ्याला ट्रेडमार्क कायद्याचं कलम 34 संरक्षण देतं. तेव्हा कल्याण-उल्हासनगरच्या बाजारात आणि गूगल मॅप्सवरही डोकावा.

वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन अर्जाचे एका वर्गाला 4500 रुपये पडतात. अर्ज नाकारला गेला तर ते परत मिळत नाहीत.