मानसशास्त्राची पदवी : तिच्या अटी आणि तिची मर्यादा

बारावीचा निकाल लागला की कल्याण-कसारा मार्गावरील खडवली, वाशिंद, आसनगाव अशा गावांतील घराघरांत पुढील शिक्षणाचा खल सुरू होतो, आणि त्यात मानसशास्त्राचे नाव आता सहज घेतले जाते. या पदवीसाठी काय लागते आणि ती हाती आल्यावर कोणता अधिकार मिळतो, या दोन्ही गोष्टी विद्यार्थ्यास, आणि त्याहूनही अधिक त्याच्या पालकांस, अर्ज भरण्यापूर्वीच स्पष्ट असाव्यात असे मला कळकळीने वाटते. कारण पहिल्या गोष्टीविषयी अकारण भीती आणि दुसरीविषयी अवास्तव आशा, अशी स्थिती मला वारंवार आढळते.

भीतीचे कारण खरोखर अल्प आहे. मुंबई विद्यापीठाच्या इलाख्यात कला शाखेच्या पदवीस कोणत्याही शाखेतून बारावी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी पात्र ठरतो. कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र घेतलेले असावे असा दंडक नाही. विद्यापीठाची प्रवेशपूर्व ऑनलाइन नोंदणी, गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि लागू असेल तेथे जातीचा दाखला, एवढा दस्तऐवज मुदतीत रीतसर सादर केला की कागदोपत्री बाजू पुरी होते. खरी अडचण महाविद्यालयाच्या निवडीत आहे. मानसशास्त्र तिन्ही वर्षे मुख्य विषय म्हणून शिकवणारा विभाग प्रत्येक महाविद्यालयात नसतो; ठाण्याचे जोशी-बेडेकर, मुलुंडचे वझे-केळकर, माटुंग्याचे रुईया अशी नावे या संदर्भात घेतली जातात, आणि खडवलीच्या मुलीस तेथे पोहोचण्यासाठी टिटवाळा, आंबिवली, शहाड ओलांडून कल्याण गाठावे लागते व तेथूनही पुढे जावे लागते. पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम या प्रवासासह पाळावयाचा आहे, हे घरच्यांनी आधीच ध्यानात घ्यावे.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांच्या पदवीस किमान 120 श्रेयांक आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीस किमान 160 श्रेयांक लागतात. मुख्य विषयाच्या जोडीला गौण विषय, भाषा, कौशल्य आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव यांचेही श्रेयांक त्यात मोजले जातात.

परंतु श्रेयांकांच्या हिशेबापेक्षा अभ्यासाचे स्वरूप समजून घेणे मला अधिक अगत्याचे वाटते. मनुष्यस्वभावाविषयी रसाळ चर्चा ऐकावयास मिळेल या समजुतीने आलेल्या विद्यार्थ्यास सामाजिक, विकासात्मक, बोधात्मक आणि अपसामान्य मानसशास्त्राबरोबरच संख्याशास्त्र आणि मानसशास्त्रीय मापन यांचाही सामना करावा लागतो. मध्यमान, प्रमाण विचलन, सहसंबंध यांचे गणित बारावीला गणित सोडलेल्यांनाही चुकत नाही, आणि ते चुकू नये हेच योग्य. कारण विल्हेल्म वुंट यांनी 1879 साली लायपझिग येथे प्रयोगशाळा स्थापिली तेव्हापासून या शास्त्राने आपली प्रतिष्ठा मोजमापावर उभारली आहे, आणि 1916 साली कलकत्ता विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग निघाला तोही याच प्रायोगिक परंपरेत.

प्रात्यक्षिकाच्या तासाला म्युलर-लायर भ्रमाचा प्रयोग करताना एक विद्यार्थी प्रयोगकर्ता होतो, दुसरा प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो तो. एका रेषेच्या टोकांना आत वळलेले आणि दुसरीच्या टोकांना बाहेर उघडणारे बाण असतात, आणि समान लांबीच्या या दोन रेषा किती असमान भासतात याची नोंद आकड्यांत करावी लागते. सूचना ठरलेल्या शब्दांतच वाचावयाची, चुकीचे माप मनाने दुरुस्त करावयाचे नाही, आणि प्रयुक्ताचे अंतर्निरीक्षण त्याच्याच शब्दांत जर्नलमध्ये उतरवावयाचे. डोळ्यांनी पाहिलेलेही खरे असेलच असे नाही, ही जाणीव ज्याला एका साध्या रेषेवरून झाली, तो पुढे दुःखी माणसाविषयी झटपट निष्कर्ष काढण्यास कचरेल, अशी माझी श्रद्धा आहे. विषयाचे बहुतेक प्रमाणग्रंथ इंग्रजीत असल्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्यांचे श्रम दुप्पट होतात. त्यांच्यासाठी परिभाषेचे पहिले सत्र शिक्षकांनी सावकाश घ्यावे.

आता अधिकाराविषयी. तीन वर्षांची कला शाखेची पदवी रुग्णावर उपचार करण्याची सनद नव्हे. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची व्याख्या करताना भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेल्या संस्थेतील अर्हता, किंवा पदव्युत्तर पदवीनंतरचे दोन वर्षांचे पूर्णवेळ, देखरेखीखालील प्रशिक्षण अपेक्षिले आहे. ठाण्याचे 1901 साली स्थापन झालेले मनोरुग्णालय किंवा डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 साली ठाण्यातच सुरू केलेली आय. पी. एच. ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था पाहून ज्यांना या कामाची ओढ वाटते, त्यांनी पदवीनंतरची ही वर्षेही हिशेबात धरावीत. मनुष्यबळ विकास, समाजकार्य, शिक्षण यांकडे जाणाऱ्यास मात्र ही पदवी पुरेशी पायाभूत ठरते.

नोकरी सांभाळून, पत्राद्वारे शिकू म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे: विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरशिक्षण व ऑनलाइन शिक्षण बंद केले. आरोग्यविषयक शिक्षण प्रत्यक्ष वर्गातच व्हावे हा त्यामागील विचार मला पटतो. पण त्यामुळे खडवलीसारख्या गावातील, रोज मुलुंड किंवा माटुंग्यापर्यंत जाणे ज्यांना परवडत नाही अशा मुलामुलींची वाट अरुंद झाली, हेही तितकेच खरे. म्हणून कल्याण आणि शहापूर तालुक्यांतील ज्या महाविद्यालयांत कला शाखा आहे पण हा विषय मुख्य म्हणून शिकवला जात नाही, त्यांनी तो सुरू करण्याचा प्रस्ताव विद्यापीठाकडे पाठवावा, आणि पालकांनीही आपली मागणी लेखी स्वरूपात प्राचार्यांच्या दप्तरी दाखल करावी.