लोदजवळचा बायबर्सचा पूल



लोद आणि रामलेला आपले पुष्कळ लोक राहतात, आणि बेन गुरियन विमानतळावर तर आपण सगळेच जातो. पण लोद आणि विमानतळ यांच्या मध्ये अयालोन ओढ्यावर साडेसातशे वर्षांचा दगडी पूल आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. कमानी खाली राहतात आणि आपली गाडी वरून निघून जाते, मग कळणार कसं?

अरबीत त्याला जिस्र जिंदास म्हणतात. जिंदास हे शेजारच्या जुन्या गावाचं नाव. जिस्र आणि आपला हिब्रू गेशेर हे एकाच मुळातले शब्द.

हा पूल मामलूक सुलतान बायबर्स याने १२७३ साली बांधवला. तो कैरोहून राज्य करी, पण दमास्कसही त्याच्याच ताब्यात होतं. सैन्य आणि टपालाचे घोडे या वाटेने जात. हिवाळ्यात ओढा भरला की वाट अडायची, म्हणून पक्का पूल हवा होता.

पुलाला तीन कमानी आहेत. कमान उभी कशी राहते, ते मी नर्स असल्यामुळे आपल्या पायाच्या तळव्यावरून सांगते. तळव्यात लहान लहान हाडं कमानीसारखी बसलेली असतात, आणि अंगाचा भार टाच आणि चवडा यांच्यावर वाटला जातो. पुलाचे दगडही पाचरीसारखे घडवलेले असतात. वरून भार आला की ते एकमेकांना अधिकच घट्ट दाबतात, आणि भार दोन्ही बाजूंच्या पायांत उतरतो. तळव्याचे बंध सैल झाले की तळवा सपाट होतो, तसा पुलाचा पाया सरकला की कमान जाते. भार वरून येतो, पण जपायचा असतो पाया.

मधल्या कमानीच्या वर अरबी शिलालेख आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक सिंह कोरलेला आहे, आणि त्याच्या पंजापुढे एक छोटासा उंदीर! सिंह ही बायबर्सची खूण. उंदीर म्हणजे त्याने हरवलेले क्रूसेडर, असं पुष्कळ जण मानतात. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच अभ्यासक क्लेर्मों-गानो याने हा पूल बारकाईने पाहिला. त्यातले काही दगड क्रूसेडरांच्या घडणीचे आहेत, ते लोदच्या पडक्या चर्चमधून आणले असावेत, असं त्याचं मत होतं.

आता आपल्या कोकणातलं सांगते. महाडजवळ सावित्री नदीवर १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात तो कोसळला, आणि एस.टी.च्या दोन गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. तेव्हा आपल्यातल्या कित्येकांनी गावाकडे फोन लावले असतील. तो पूल शंभरीही गाठू शकला नाही. जुनं म्हणजे मजबूत, असं समजून चालत नाही. म्हाताऱ्या माणसासारखी जुन्या पुलाचीही वरचेवर तपासणी लागते.

लोदच्या पुलावरून आजही गाड्या जातात. नातवंडांना एकदा तो जरूर दाखवा, पण हिवाळ्यात ओढ्यात उतरू नका. गुडघे दुखत असतील तर काठावर थांबा आणि पोरांना सिंह शोधू द्या. शोधताना कमानीही त्यांच्या नजरेस पडतील. पुढे पूल जपायचं काम त्यांनाच करायचं आहे.