फाइल पोहोचली, तीच पोहोचली का?

आपली फाइल, आपला पुरावा : भाग ५

गेल्या आठवड्यात फाइलला पासवर्ड कसा लावायचा ते पाहिलं. पासवर्ड लावला की मधे कुणी काही बदलू शकत नाही, असं अनेकांना वाटतं. हा समज घातक आहे.

ई-आधारचंच बघा. निफाड तालुक्यातल्या विंचूरमध्ये पीककर्जाच्या कागदांसोबत ही पीडीएफ सर्रास व्हॉट्सअॅपवरून पुढे जाते. तिचा पासवर्ड ठरलेला असतो : नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल. ओळखीतल्या कुणालाही तो जुळवता येईल. फाइल उघडून, त्याच धाटणीची दुसरी घडवून तोच पासवर्ड पुन्हा लावणंही अवघड नाही. म्हणजे पासवर्ड लागला एवढ्यावरून फाइल खरी ठरत नाही. ती खरी ठरते आतल्या डिजिटल सहीवरून.

तशीच सही सातबाऱ्यावर असते. राज्यात १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. सही करताना फाइलमधल्या सगळ्या मजकुरावरून मिळून एक हॅश, म्हणजे फाइलचा ठसा, काढला जातो. एसएचए-२५६ पद्धतीत तो ६४ अंक-अक्षरांचा असतो. गट क्रमांकातला एक अंक बदला, सगळा हॅश बदलतो आणि सही जुळत नाही. मात्र सही फाइलमध्ये असते, चित्रात नाही. उताऱ्याचा स्क्रीनशॉट पाठवला की सही मागेच राहते. मूळ पीडीएफच पाठवा, तीही 'डॉक्युमेंट' म्हणून. फोटो म्हणून पाठवलेलं चित्र व्हॉट्सअॅप आकसवून टाकतं.

सही नसलेल्या फाइलचं काय? समजा, विंचूरच्या वाइन पार्कमधून कुणी प्रयोगशाळेचा अहवाल एन्क्रिप्ट करून पाठवला. एन्क्रिप्शनच्या काही पद्धती अशा आहेत, की किल्ली हाती नसतानाही बंद फाइलमधला एखादा बिट उलटवता येतो. उघडल्यावर आतला नेमका तोच बिट उलटलेला निघतो. आकडा बदलतो, पण कुठली सूचना येत नाही. जीसीएमसारख्या पद्धतीत सोबत तपासणीची खूण असते, ती हा बदल पकडते. फाइलचा आकार तेवढाच आहे, यावर मात्र विसंबू नये. विंचूर उपबाजारात काटापावतीवरचं वजन जुळलं, तरी कांदा तोच आहे हे त्यावरून कळत नाही.

कधी कुणाचा हेतू नसतानाही फाइल बिघडते. फाइल पाठवण्याच्या जुन्या एफटीपी पद्धतीत ती 'टेक्स्ट' प्रकाराने पाठवली, तर वाटेत ओळींच्या शेवटची चिन्हं बदलतात आणि एन्क्रिप्ट केलेली फाइल नासते.

उपाय साधा आहे. पाठवणाऱ्याने हॅश काढावा आणि फोनवर वाचून दाखवावा. ज्या ईमेलने फाइल गेली, त्याच ईमेलमध्ये तो लिहू नये. फाइल बदलणारा हॅशही बदलेल. घेणाऱ्याने आपल्याकडे हॅश काढून अक्षर न् अक्षर जुळवावं. विंडोजमध्ये यासाठीची सर्टयुटिल ही आज्ञा आधीपासूनच असते. हॅशच्या जुन्या पद्धतींपैकी एमडी५ २००४ मध्ये आणि एसएचए-१ २०१७ मध्ये भेदली गेली. दोन वेगळ्या फाइलींचा एकच हॅश निघू शकतो, हे सिद्ध झालं. म्हणून एसएचए-२५६ वापरा.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मधल्या, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात हॅश लिहायची जागाच आहे. उद्या निफाडच्या न्यायालयात फाइल दाखवायची वेळ आली, तर तो विचारला जाईल. व्यवहाराची फाइल हाती येईल त्याच दिवशी तिचा हॅश काढा आणि तारखेसह वहीत उतरवून ठेवा.