एक्सप्लेनर : सदस्य बदलले, नावही बदलले, तरी बँड तोच कसा?

देवळाली कॅम्प असो वा लंडन, गिटार शिकणारे बरेच जण सुरुवातीलाच 'स्मोक ऑन द वॉटर' वाजवून बघतात. हे गाणे 'डीप पर्पल'चे. १९६८ पासूनच्या या ब्रिटिश बँडच्या प्रत्येक संचात असलेला सदस्य एकच : ड्रमर इयान पेस. १९७६ मध्ये फुटलेला हा बँड १९८४ मध्ये पुन्हा एकत्र आला. त्याच वर्षी मुंबईत 'रॉक मशीन' सुरू झाला.

'रॉक मशीन'चे पुढे काय झाले?
१९८८ मध्ये पहिला अल्बम आला. १९९३ मध्ये नाव 'इंडस क्रीड' झाले आणि १९९७ मध्ये बँड थांबला. २०१० मध्ये तो परतला, तेव्हा गायक उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर आणि कीबोर्डवर झुबिन बालापोरिया हे जुनेच होते. बास आणि ड्रम्सवर नवे वादक आले. २०१२ चा 'इव्हॉल्व्ह' याच संचाचा.

मग ओळख कशात?
एकाने माणसे बदलून नाव राखले, दुसऱ्याने नाव बदलून गाभा राखला. नावावर तिकिटे खपतात. पण नव्या हातांनी वाजवलेले जुने गाणे पटले नाही, तर श्रोता पुन्हा येत नाही.